हरताळही नैसर्गिकच होता

घरी चार कोंबड्या किंवा सशांची जोडी पाळायची ठरली की पहिलं काम निघतं ते खुराड्याचं. जुन्या दाराच्या फळ्या, खोक्याचं लाकूड, थोडी जाळी, मूठभर खिळे. एका रविवारात सांगाडा उभा राहतो. मग प्रश्न येतो, या लाकडाला लावायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं. शेजारी तेच सांगतो, सुतार तेच सांगतो, गावाकडचे काका तेच सांगतात : “जनावर आहे, केमिकल लावू नका. काहीतरी नैसर्गिक लावा. पूर्वी लावायचे तेच लावा.”

या उत्तरामागे प्राण्याविषयीची काळजी आहे, म्हणून त्याची थट्टा करून चालणार नाही. पण मला ते चुकीचं वाटतं, आणि ज्याच्या रक्षणासाठी ते दिलं जातं त्या प्राण्यालाच घातक ठरू शकतं असंही वाटतं. म्हणून आपल्या जुन्या वादपद्धतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडतो आणि मग त्याचं खंडन करतो.

पूर्वपक्ष असा. कारखान्यात तयार झालेल्या रंगांनी आणि लाकूडरक्षकांनी प्राण्यांचा जीव घेतला आहे, हे सिद्ध झालेलं आहे. तैलरंगांत पिढ्यान् पिढ्या शिसं घातलं जात होतं. गुरांना चाटायची सवय असते, त्यामुळे जुन्या रंगाचे पोपडे पोटात जाऊन शिशाची विषबाधा होणं ही पशुवैद्यकांच्या ओळखीची गोष्ट आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे अगदी काल-परवा. पेंटाक्लोरोफेनॉल हे लाकडाला कीड लागू नये म्हणून मुरवलं जाणारं द्रव्य. ते मुरवलेल्या लाकडाचा भुसा कोंबड्यांखाली अंथरला की बुरशी त्यापासून कुबट वासाची संयुगं तयार करते आणि तो वास मांसात, अंड्यात उतरतो. पुढे २०१५ मध्ये हे द्रव्य स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. इतकं घडून गेल्यावर माणसाने डब्यातल्या रसायनाकडे संशयाने पाहिलं तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि जे आजोबा-पणजोबांनी लावलं, त्यावर विश्वास ठेवला तर त्यात चूक काय?

संशय योग्य आहे. चूक आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. ‘कारखान्यातलं घातक ठरलं, म्हणून निसर्गातलं किंवा जुनं सुरक्षित’ या वाक्यातला ‘म्हणून’ कशाच्या आधारावर उभा आहे?

आपल्या भाषेलाच विचारू. एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासला’ असं आपण म्हणतो. पोथी लिहिताना चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक पिवळ्या हरताळाचा लेप देत, त्यावरून हा शब्दप्रयोग आला. हरताळ हे खाणीतून निघणारं खनिज आहे, संपूर्ण नैसर्गिक. आणि ते आर्सेनिकचं संयुग आहे. चांगल्या कामात कोणी विघ्न आणलं की त्याने ‘बिब्बा घातला’ असं आपण म्हणतो. बिब्बा झाडावरच लागतो, आणि त्याचं तेल अंगाला लागलं तर कातडी फोडांनी भरते. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिसं भाजून केलेलं ऑक्साइड. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि इतर गुरांना सहज सोसणारं प्रमाण तिचा जीव घेऊ शकतं. हे सगळे पदार्थ आपल्या जुन्या घरांतले, जुन्या दुकानांतले. यांतला एकही सशाच्या दाताखाली यावा असं मी म्हणणार नाही.

कोकणातलं उदाहरण तर थेट लाकडाचंच आहे. काजूच्या टरफलांतून निघणारं तेल होड्यांना आणि जाळ्यांना लावण्याची रीत जुनी आहे, आणि लाकूड टिकवण्यात ते तेल खरोखर गुणी आहे. पण काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. त्या तेलातली द्रव्यं कातडी भाजतात, हे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना विचारावं. होडीला ते उत्तम. होडी कोणी कुरतडत नाही. पिंजऱ्याच्या फळीला ते लावलं तर अर्धवट सुकलेल्या थरावर सशाचं नाक आणि ओठ टेकणार, हे विसरता येत नाही.

‘पूर्वापार’ म्हणून सांगितलं जाणारं दुसरं द्रव्य म्हणजे डांबर. या एका शब्दाखाली आपण दोन वस्तू झाकतो. रस्त्यावर घालतात ते बहुतेक खनिज तेलापासून आलेलं असतं. लाकडावर फासलं जायचं ते कोलटार, दगडी कोळशापासून निघालेलं. या कोलटारची गोष्ट सशाच्या पिंजऱ्यापर्यंत सरळ येते. टोकियोच्या विद्यापीठात कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना पुन्हा पुन्हा, अनेक महिने कोलटार चोळलं आणि १९१५ मध्ये तिथे कर्करोग उत्पन्न झाल्याचं दाखवलं. एखाद्या बाहेरच्या द्रव्याने प्राण्याच्या अंगावर मुद्दाम कर्करोग निर्माण करता येतो, याचा हा पहिला ठोस प्रयोग मानला जातो, आणि तो सशावरच झाला. कोलटार लावलेलं लाकूड चघळून डुकरांना विषबाधा होते हेही पशुवैद्यक जाणतात. तरीही ‘डांबर मारा, वाळवी लागणार नाही’ हा सल्ला आजही दिला जातो. वाळवी लागणार नाही हे खरं आहे. वाळवी का लागत नाही, एवढाच प्रश्न पुढे विचारायचा राहतो.

जळक्या ऑइलचंही असंच. गॅरेजमधून फुकट मिळतं, लाकडात मुरतं, काळी चमक देतं. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात, अर्धवट जळालेल्या इंधनाची कर्करोगकारक संयुगं असतात. शिसंमिश्रित पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली. त्याआधीच्या पेट्रोल इंजिनांच्या ऑइलमध्ये शिसंही उतरत होतं.

इथे हमखास एक आक्षेप येतो : “आमच्या गोठ्याला वर्षानुवर्षं जळकं ऑइल लावतोय, एकही गाय दगावली नाही.” हा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. त्यातून काय सिद्ध होतं, एवढंच पाहू. गोठा तीन बाजूंनी मोकळा असतो, वारा खेळता असतो, आणि दावणीची गाय खांब खात बसत नाही. खुराडं बंद असतं. रात्री दार लावलं की आतल्या जिवाला त्याच हवेत आठ-दहा तास काढायचे असतात. म्हणजे गोठ्याचा अनुभव खराच, पण खुराड्याला तो लागू होत नाही. दुसरी गोष्ट, शिशाची बाधा झालेलं जनावर दात खातं, आंधळ्यासारखं धडकतं, झटके देतं. ही लक्षणं इतर रोगांतही दिसतात. जे वासरू ‘असंच गेलं’ ते कशाने गेलं, याची तपासणी किती जणांनी केली? कारण शोधलंच नसेल, तर ‘काही झालं नाही’ या वाक्यात पुराव्यापेक्षा विश्वासच जास्त असतो.

आता पूर्वपक्षाची सौम्य बाजू घेऊ. विषारी नैसर्गिक पदार्थ सोडा, पण लाख, कडुनिंबाचं तेल यांना तरी कोण नावं ठेवील? मीही ठेवत नाही. लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवर आवरण म्हणून चालते. स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेलं तिचं पॉलिश स्पिरिट उडून गेल्यावर निरुपद्रवी असतं. अडचण वेगळीच आहे. लाख अल्कलीत विरघळते. टाकणखाराच्या पाण्यात ती सहज उतरते, अमोनियाच्या पाण्यातही. सशाचं मूत्र अल्कधर्मी असतं आणि कोंबडीच्या विष्ठेतून अमोनिया सुटत राहतो. म्हणजे देव्हाऱ्यावर शोभणारं लाखेचं पॉलिश पिंजऱ्याच्या तळाला लावलं, तर प्राणी राहायला आल्या दिवसापासून ते सुटायला लागतं. कडुनिंबाच्या तेलाचा दोष आणखी साधा आहे : ते सुकतच नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याचा पापुद्रा बनतो. कडुनिंबाचं, करंजाचं, शेंगदाण्याचं तेल तसं होत नाही. ते लाकडावर चिकट राहतं, धूळ धरतं, खवट होतं. निर्विष असणं आणि उपयोगी असणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पास झालेल्याला दुसरी माफ होत नाही.

यावर वैतागून कोणी म्हणेल, “मग काहीच लावू नका, कोरं लाकूड सगळ्यात चांगलं.” हे मत ऐकायला स्वच्छ वाटतं, आणि सशाच्या कुरतडण्याच्या कडांपुरतं ते बरोबरही आहे. पण संपूर्ण खुराडं कोरं ठेवलं तर लाकूड मूत्र पितं. तो ओलावा आतच राहतो, त्यातून अमोनिया सुटत राहतो. अमोनिया कोंबडीच्या श्वासनलिकेतल्या बारीक केसांना इजा करतो, आणि मग एरवी परतवून लावला असता तो संसर्ग आत शिरतो. तडकलेल्या कोऱ्या फळ्यांच्या फटींत कोंबड्यांचे लाल पिसू-गोचीड दिवसभर लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. आणि कोकणातल्या पावसात कोरं आंब्याचं लाकूड किती टिकणार, हे कोणाला सांगायला नको. कुजकं, भिजकं घर हेही विषारी घरच आहे; फक्त त्याच्या डब्यावर कवटी छापलेली नसते.

शहरात या मताचं एक नवं रूप दिसतं. तिथे ‘नैसर्गिक’च्या जागी ‘वॉटर-बेस्ड’ आणि ‘नॉन-टॉक्सिक’ हे शब्द बसले आहेत. डब्यावर हिरवं पान असलं की शंका संपते. पाण्यातले रंग तेलातल्या रंगांपेक्षा कमी उग्र असतात, हे मान्य. पण पाणी उडाल्यावर थर जुळून यावा म्हणून त्यात मंद उडणारी द्रव्यं असतात, डब्यात बुरशी धरू नये म्हणून जंतुनाशकं असतात, आणि ती निघून जायला वेळ लागतो. रंग तासाभरात हाताला सुकतो; पक्का व्हायला दिवस लागतात, कधी तीन-चार आठवडे. त्या मधल्या काळात पिंजऱ्यात पक्षी ठेवला तर? पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, हवेच्या पिशव्या तिला सतत पुढे ढकलतात, आणि आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षमतेने तो हवेतलं सगळं शोषून घेतो. चांगलंही आणि वाईटही. खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत, ते याचसाठी. आपल्या नाकाला ‘आता वास येत नाही’ असं वाटतं तेव्हा लव्हबर्डच्या छातीला काय वाटतं, हे आपल्याला कळत नाही. आणि शिसं, आर्सेनिक यांना तर वासच नसतो.

इतकं खंडन केल्यावर मंडन करणं माझं कर्तव्य आहे. माझा सिद्धान्त असा : विष द्रव्याच्या जातीत नसतं, ते द्रव्य आणि प्राणी यांच्या संबंधात असतं. याचा उत्तम दाखला आपल्याच देशात घडला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक मिश्रण शोधलं. ते लाकडात असं पक्कं बसतं की पावसाने धुऊन जात नाही. विजेचे खांब, खाणींतले टेकू, पुलांची लाकडं, जगभर त्याने अफाट लाकूड वाचवलं. ही भारतीय विज्ञानाची मोठी कामगिरी आहे. पण त्याच लाकडाची राख गुरांना खारट लागते, ती चाटून गुरं आर्सेनिकने मेली आहेत. आणि अमेरिकेत २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी ते घरगुती वापरातून मागे घेतलं. द्रव्य बदललं नव्हतं. खांबाशी त्याचा संबंध वेगळा आणि जिभेशी वेगळा.

म्हणून डब्यावरचं विशेषण वाचण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. सुकल्यावर मागे काय उरतं? ते पूर्ण पक्कं झालं आहे का? आणि हा प्राणी या लाकडाशी कसा वागणार आहे?

तिसरा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण तो कोणी विचारतच नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. तो कुरतडणारच, तो त्याचा दोष नाही. म्हणून त्याच्या पिंजऱ्यात दाताला येणाऱ्या कडांना काहीही लावू नये. त्या कोऱ्या, टणक लाकडाच्या ठेवाव्यात किंवा पत्र्याच्या पट्टीने झाकाव्यात. कोंबडी चकचकीत पोपड्यावर चोच मारते. तिच्यासाठी पोपडे सुटणारा जाड थर वाईट, मुरणारा पातळ थर चांगला. आणि कोंबडीच्या पोटात गेलेलं शिसं अंड्याच्या बलकात उतरतं, म्हणजे ते परत आपल्याच ताटात येतं. शेळी खांबाला अंग घासते, फळीची साल सोलते. मेंढीच्या आसपास तांब्याचं काहीही नको. छोट्या पाळीव पक्ष्यांच्या बाबतीत लाकडाइतकीच जाळीची काळजी घ्यावी. नव्या जस्ताच्या जाळीवरचे सुटे कण चोचीतून पोटात जातात, म्हणून ती व्हिनेगरने घासून धुवावी. आपला रानातला पोपट तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पिंजऱ्यात ठेवताच येत नाही. त्याच्यासाठी सुरक्षित पिंजरा असा नाहीच.

लाकूड निवडतानाही हेच प्रश्न धरावेत. जुन्या वाड्याच्या रंगवलेल्या खिडक्यांच्या चौकटी खुराड्याला वापरू नयेत. तो रंग शिशाच्या मर्यादेच्या आधीचा असतो, आणि कोरडा खरवडला तर त्याची धूळ आपल्याही फुप्फुसात जाते. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर गव्हासारखं चिन्ह असतं आणि त्याशेजारी अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडावं. चिन्ह ‘एचटी’चं असलं तरी डाग किंवा वास असेल तर तीही फळी नको, कारण वाटेत त्यावर काय सांडलं होतं ते शिक्का सांगत नाही.

मग रंगाआधी बांधणी. खुराडं विटांवर उचललं, छप्पर चारी बाजूंनी वीतभर पुढे काढलं, वरच्या बाजूला हवेला वाट ठेवली आणि तळाला ओढून काढता येणारा पत्र्याचा ट्रे बसवला, तर रंगाकडून आपण जे काम मागतो त्यातलं बरंचसं आधीच होऊन जातं. फळीचं कापलेलं तोंड पाणी सर्वांत जास्त पितं, म्हणून तिथे दोन हात जास्त मारावेत. बाहेरच्या अंगाला घाण्याचं शुद्ध जवस तेल पातळ हाताने, प्रत्येक हात सुकू देऊन दोन-तीनदा लावावं. रंग हवा असेल तर त्यात गेरू किंवा काव मिसळावी. लोखंडाचं हे ऑक्साइड स्थिर असतं आणि लाकडाला शोभतं. बाजारात मिळणारं बेलतेल, म्हणजे डबल बॉइल्ड जवस तेल, लवकर सुकतं ते नुसतं उकळल्याने नव्हे. त्यात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार असतात. म्हणून ते फक्त बाहेरून, आणि पूर्ण पक्कं होऊ द्यावं. तेल पुसलेले बोळे गोळा करून ठेवू नयेत. सुकताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवावेत किंवा अंगणात एकेक पसरून वाळवावेत. पाण्यातला रंग घ्यायचाच असेल, तर लहान मुलांच्या खेळण्यांच्या मानकात बसतो का, हे विचारून घ्यावा. तेही किमान मोजमाप समजावं. मुलाने खेळणं तोंडात घालणं आणि सशाने रोज फळी खाणं यांत फरक आहे.

कोंबड्यांच्या खुराड्याच्या आतल्या भिंतींना मात्र मी ज्या द्रव्याचं नाव घेईन ते जुनंच आहे : चुना. ओला चुना डोळ्याला आणि कातडीला भाजतो. पण काही दिवसांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो निरुपद्रवी होतो, फटी बुजवतो, किड्यांना जागा ठेवत नाही, आणि दरवर्षी वर नवा हात देता येतो. जुनं आहे म्हणून मी चुना निवडत नाही. तिन्ही प्रश्नांना तो नीट उत्तर देतो म्हणून निवडतो. परंपरेचा मान राखायचा तर तिची अशी परीक्षा घेऊनच राखावा. जी परीक्षेला उतरते ती परंपरा जास्त टिकते.

शेवटी वेळेचा मुद्दा. आपण हे काम बहुधा मृगाच्या तोंडावर काढतो, ढग दिसले की घाईने ब्रश मारतो आणि संध्याकाळी कोंबड्या आत ढकलतो. दमट हवेत तेल आणि रंग दोन्ही रेंगाळतात. हे काम होळीच्या सुमारास काढावं. मग चैत्र-वैशाखाच्या उन्हात खुराडं चार आठवडे दारं उघडी टाकून रिकामं उभं राहू द्यावं. येणारे-जाणारे विचारतील, खुराडं झालं की, मग कोंबड्या का नाहीत आत? आपल्याला घराचा वास सहन झाला नाही तर आपण खिडकी उघडतो, बाहेर जाऊन बसतो. कोंबडीच्या दाराची कडी बाहेरून असते, आणि ती आपल्या हातात असते. ते रिकामे चार आठवडे तिच्या वतीने आपण थांबायचे असतात.